चिठ्ठीवरची औषधं आणि ‘वरच्या’ गोळ्या : दोन्हींचा मेळ बसवताना

आत्या सत्तरीच्या पुढची. चिठ्ठीवरची औषधं पाच: थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन, हृदयाचे ठोके अनियमित म्हणून रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्व्हास्टॅटिन आणि ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल. शिवाय ‘वरच्या’ गोळ्या. म्हणजे कुणी ना कुणी सुचवलेल्या, चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या, आणि डॉक्टरांनी “अजून काही घेता का?” विचारलं की ज्यांचं नाव कधीच निघत नाही त्या. औषध म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर त्या येतच नाहीत.

या सगळ्याची घडी बसवायला काही महिने गेले. त्यातला बराच काळ पुढच्या तपासणीची वाट बघण्यात गेला. ज्यांच्या घरी अशीच भरलेली पिशवी आहे त्यांना पुढे काय काय येतं याचा अंदाज यावा म्हणून क्रमाने लिहितो आहे. खाली येणारे डोस तिचे आहेत, ते उचलून कुणी आपल्याला लावू नयेत. पण कोणते प्रश्न विचारायचे, कोणती तपासणी किती दिवसांनी करायची आणि कुठे घाई करायची नाही, हे सगळ्यांना सारखंच लागू आहे.

सुरुवात दोन न जुळणाऱ्या रिपोर्टांपासून झाली. कित्येक वर्षं ७५ मायक्रोग्रॅमवर तिचं थायरॉइड व्यवस्थित होतं. नेहमीच्या तपासणीत टीएसएच ८.९ निघाला. थायरॉइड कमी पडलं की मेंदूकडून येणारं हे हार्मोन वाढतं. साधारण ०.४ ते ४ अपेक्षित असतो, म्हणजे गोळी कमी पडत होती. डोस १०० केला गेला. आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त दिलं, तर टीएसएच एकदम ०.०५ आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड हार्मोन) वरच्या मर्यादेच्या बराच वर. कागदावर पाहिलं तर थायरॉइड उतू चाललंय असं वाटावं. पण नाडी नेहमीसारखी, हात थरथरत नाहीत, वजन तेवढंच, घाम नाही, झोप बरी. २५ मायक्रोग्रॅमने एवढी उलथापालथ होईल हेही पटण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी डोसला हात न लावता एकच विचारलं, “केसांसाठी काही घेता का?”

घेत होती. बायोटिन हे ‘बी’ गटातलं जीवनसत्त्व, १०,००० मायक्रोग्रॅमची रोज एक गोळी. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. बायोटिन पाण्यात विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं, त्यामुळे त्याने शरीराला थेट अपाय झाल्याचं सहसा ऐकायला मिळत नाही. गोंधळ होतो तो प्रयोगशाळेत. अनेक यंत्रांवर हार्मोन मोजताना स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रथिन आणि बायोटिन यांच्या घट्ट जोडीचा उपयोग केलेला असतो. टीएसएचच्या चाचणीत हार्मोन दोन प्रतिपिंडांच्या (अँटीबॉडींच्या) मध्ये पकडलं जातं, आणि बायोटिन लावलेल्या एका प्रतिपिंडामुळे ती जोडी स्ट्रेप्टाव्हिडिनला चिकटते. जितकं चिकटेल तितका संकेत जास्त, आणि तितका आकडा मोठा. रक्तातच भरमसाट बायोटिन असेल तर चिकटायच्या जागा तेच अडवतं, पकडलेलं हार्मोन धुऊन जातं आणि आकडा खोटा कमी येतो. फ्री टी४ची चाचणी उलट्या तत्त्वावर चालते. तिथे संकेत कमी म्हणजे हार्मोन जास्त, म्हणून तोच अडथळा आकडा खोटा वाढवतो. टीएसएच खाली, टी४ वर: थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र, आणि रुग्णाला झालेलं काहीच नाही.

अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने याबद्दल नोव्हेंबर २०१७मध्ये इशारा दिला आणि २०१९मध्ये तो पुन्हा काढला. हृदयविकाराच्या झटक्यात मोजतात ते ट्रोपोनिनही काही यंत्रांवर बायोटिनमुळे खोटं कमी दिसतं, आणि अशा खोट्या कमी आकड्याशी जोडलेल्या एका मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात आहे. म्हणून केसांची गोळी घेणाऱ्याला छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं तर ती गोळी चालू आहे हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा. सगळ्या यंत्रांवर हा परिणाम होत नाही. रक्त देण्याआधी प्रयोगशाळेला फोन करून “तुमच्या थायरॉइडच्या चाचणीला बायोटिनचा अडथळा होतो का?” असं विचारता येतं, आणि बहुतेक ठिकाणी नीट उत्तर मिळतं.

थायरॉइडच्या तपासणीआधी बायोटिन किमान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. डोस मोठा असल्यामुळे आम्हाला तीन दिवस सांगितले. त्यानंतरचा टीएसएच ६.२. म्हणजे खरी गोष्ट निराळीच होती. डोस वाढवूनही गोळी पुरती लागू पडत नव्हती, आणि हे बायोटिनने झाकून ठेवलं होतं. त्या खोट्या रिपोर्टावर विसंबून डोस खाली आणला असता तर सगळं आणखी बिघडलं असतं.

आता शोध सुरू झाला तो थायरॉक्सिन कोण खातंय याचा. डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या बाटल्या एका पिशवीत घालून आणा. चुरण, पावडर, मलम, डोळ्यांचे थेंब, काही वगळू नका.

पिशवी नेण्याआधी घरी यादी करावी. डॉक्टरांच्या खोलीत बाटल्या वाचायला वेळ नसतो. आमच्या यादीचे रकाने असे होते: घटक, एका गोळीतलं प्रमाण, दिवसातून किती, किती वाजता, कधीपासून, कशासाठी, आणि कुणी सांगितलं. शेवटचा रकाना उगाच वाटेल, पण सगळ्यात उपयोगी तोच पडला. लोहाच्या गोळीपुढे एका जुन्या डॉक्टरांचं नाव आलं. ती काही आठवड्यांसाठी दिली होती, आणि थांबवा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

लेबलं वाचणं हे काम वाटतं त्यापेक्षा किचकट आहे. ब्रँडचं नाव न लिहिता घटक लिहायचा, कारण एकच घटक तीन नावांनी घरात येतो. मल्टीव्हिटामिनच्या बाटलीवर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रति सर्व्हिंग’ असं होतं आणि त्याखाली ‘१ सर्व्हिंग = २ गोळ्या’. आत्या एकच घेत होती, म्हणजे तक्त्यातलं सगळं निम्मं. कॅल्शियमच्या गोळीवर पुढे १२५० मिलिग्रॅम, मागे ५०० मिलिग्रॅम. दोन्ही बरोबर: १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं. माशाच्या तेलाची कॅप्सूल १००० मिलिग्रॅमची, पण त्यातले कामाचे ओमेगा-३, म्हणजे ईपीए आणि डीएचए, मिळून ३००च. ‘ड’ जीवनसत्त्व कुठे आययूमध्ये, कुठे मायक्रोग्रॅममध्ये. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम हे लक्षात ठेवून सगळीकडचं एकत्र मोजावं लागतं. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ असं लिहून दहा वनस्पतींची नावं आणि एकच एकूण वजन दिलेलं असेल, तर कोणती किती हे कळायला मार्ग नसतो. अशी बाटली वॉर्फरिन घेणाऱ्याच्या घरात नको, असं माझं स्पष्ट मत आहे. लेबलाचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले की डॉक्टरांना अक्षरं मोठी करून दाखवता येतात.

यादी पुरी झाली तेव्हा ‘वरच्या’ गोष्टी अशा निघाल्या: ‘ड’ जीवनसत्त्वासह कॅल्शियम, लोह, मल्टीव्हिटामिन, बायोटिन, माशाचं तेल, पिपेरिन (काळ्या मिऱ्यातला घटक) घातलेल्या हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल, रात्री ईसबगोल, आणि गोळी नसल्यामुळे जवळजवळ सुटलेलं ‘कमी सोडियमचं’ मीठ. ही यादी बघून आत्या वैतागली. “म्हणजे मी एवढी वर्षं विष खात होते का?” तसं नव्हतं. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी घेतली तर तिच्यात फारसं वावगं नाही. प्रश्न शेजाराचा असतो.

हा शेजार मुख्यतः तीन तऱ्हांनी नडतो, आणि आपली गोष्ट कोणत्या तऱ्हेची हे कळलं की निम्मी भीती जाते.

पहिली तऱ्हा पोटातली. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, जस्त आणि ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांतलं ॲल्युमिनियम हे धातू काही औषधांना पोटातच बांधून टाकतात आणि बांधलेलं औषध रक्तात न जाता बाहेर पडतं. लेव्होथायरॉक्सिन, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं, हाडांसाठीचं ॲलेन्ड्रोनेट ही त्यातली नेहमीची. ईसबगोलासारखा तंतूही काही औषधं आपल्यात गुंडाळून ठेवतो. यावर उपाय घड्याळाचा. दोन्ही घ्या, पण अंतर ठेवून. आत्या सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी घ्यायची आणि “लक्षात राहावं म्हणून” लगेच कॅल्शियम आणि लोह. या दोन्हींपासून थायरॉक्सिनला चार तास लांब ठेवावं लागतं. टीएसएच का चढला याचं उत्तर जवळपास इथेच मिळालं.

दुसरी तऱ्हा यकृतातली, आणि तिला घड्याळ चालत नाही. बरीच औषधं यकृतातल्या आणि आतड्यातल्या ठरावीक विकरांकडून (एन्झाइमांकडून) मोडली जातात. काही वनस्पती त्या विकरांचं काम मंद करतात, मग औषध साचतं. काही वनस्पती विकरं वाढवतात, मग औषध वेळेआधीच संपतं. एक सकाळी आणि एक रात्री घेतलं तरी फरक पडत नाही, कारण बदललेलं असतं ते यकृतच. हळदीच्या कॅप्सूलमधलं पिपेरिन याच कारणासाठी घातलेलं असतं. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन दिल्यावर माणसांच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन सुमारे वीस पट झालं. पिपेरिन फक्त कर्क्युमिनपुरतं थांबत नाही. फिट्सवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनोलॉल, दम्यावरचं थिओफिलिन यांचीही पातळी ते वाढवतं. हे सगळं अर्काच्या कॅप्सूलबद्दल आहे. जेवणातली चिमूटभर हळद आणि मिरपूड हा विषय वेगळा, आणि त्यावरून स्वयंपाकघरात भांडण काढायचं कारण नाही.

तिसरी तऱ्हा म्हणजे दोघांनी मिळून एकाच बाजूला ढकलणं. टेल्मिसार्टन शरीरात पोटॅशियम धरून ठेवतं, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. स्टॅटिन घेणाऱ्याने रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल घेणं म्हणजे दोन स्टॅटिन घेणं, कारण तिच्यातलं मोनॅकोलिन के आणि लोव्हास्टॅटिन हे रसायन एकच आहे. उलट्या बाजूला ढकलणारेही असतात. ज्येष्ठमधाचा अर्क रोज घेतला तर पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब चढतो, आणि मग रक्तदाबाची गोळी लागू पडत नाही म्हणून तिचा डोस वाढतो.

डॉक्टरांच्या भेटीत आमची अपेक्षा साधी होती: नको ते सगळं उद्यापासून बंद. ते त्यांनी मुळीच करू दिलं नाही. कारण वॉर्फरिन.

वॉर्फरिनचा डोस हा माणूस रोज जे काही खातो-पितो त्यासकट ठरलेला असतो. मल्टीव्हिटामिनच्या एका गोळीत ‘के’ जीवनसत्त्व २५ मायक्रोग्रॅम होतं. ते वॉर्फरिनच्या विरुद्ध काम करतं, पण रोज तेवढंच जात असल्यामुळे डोस त्याला धरून बसलेला होता. ती गोळी अचानक थांबवली तर वॉर्फरिनचा जोर वाढतो. आणखी एक गाठ मला नवीन होती: थायरॉइड सुधारलं की रक्त गोठवणारे घटक जास्त वेगाने खर्च होतात आणि तोच वॉर्फरिनचा डोस जास्त लागू पडतो. म्हणजे कॅल्शियमची गोळी सकाळवरून दुपारी नेली की काही आठवड्यांनी रक्त जास्त पातळ होणार! दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. बंद करणं हाही औषधातला बदलच आहे, आणि एका वेळी एकच बदल, ही अट त्यांनी घातली. त्यांनी क्रम लावून दिला तो असा.

बायोटिन आधीच थांबलं होतं. त्याचा तिच्या कुठल्याच औषधाशी संबंध नसल्यामुळे पुन्हा काही मोजायचं नव्हतं. मीठ त्याच दिवशी बदललं आणि पोटॅशियम तपासलं: ५.४. साधारण ३.५ ते ५ असावं. पोटॅशियम वाढलं तरी बहुधा काही जाणवत नाही आणि त्रास सुरू होतो तो थेट हृदयाच्या ठोक्यांत, म्हणून याला थांबायला वेळ नव्हता. साधं मीठ, तेही बेताने, सुरू केलं आणि आठवड्याने आकडा ४.७ आला. मिठाच्या पाकिटावर पुढे ‘हृदयासाठी हितकर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. मूत्रपिंड ठीक असलेल्या आणि असली औषधं न घेणाऱ्यांसाठी ते खरंही असेल. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी मात्र पाकीट उलटं करून घटक वाचावेत.

मग हळदीच्या कॅप्सूल. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा (जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ), तिच्यासाठी २ ते ३ मध्ये हवा. तो गेले काही महिने ३.३, ३.४ असा काठाबाहेर राहत होता आणि हिरड्यांतून अधूनमधून रक्त येत होतं. वॉर्फरिनवर स्थिर असलेल्या एका रुग्णाचा आयएनआर हळदीचं उत्पादन सुरू केल्यावर १०च्या वर गेल्याची नोंद न्यूझीलंडच्या मेडसेफ या औषध नियंत्रण संस्थेने २०१८ साली दिली होती. कॅप्सूल बंद केल्या आणि आठवड्याने आयएनआर केला. आठवडाच का, तर वॉर्फरिनच्या परिणामातला कोणताही बदल पुरता दिसायला तेवढे दिवस लागतात. त्याच्यामुळे कमी होणाऱ्या, रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी प्रोथ्रॉम्बिन रक्तात निम्म्यावर यायलाच दोन-तीन दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी तपासलं तर काहीच बदललं नाही असं वाटतं. आकडा २.६ आला. माशाच्या तेलाबद्दल डॉक्टर निवांत होते. रोज एक कॅप्सूल, एवढ्याने आयएनआर सहसा हलत नाही. डोस वाढवायचा नाही एवढंच सांगितलं. आत्याला तेवढाच दिलासा.

लोह ठेवायचं की नाही हे फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) बघून ठरलं. साठा भरपूर होता, गोळी गेली. कॅल्शियम गरजेचं होतं, पण रूप बदललं. कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला पोटात ॲसिड लागतं आणि ते ॲसिड तर पॅन्टोप्राझोल कमी करत होतं. कॅल्शियम सायट्रेटला ॲसिडची तेवढी गरज नसते. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपर्यंतच घ्यायचं, त्याहून जास्त एकदम घेतलेलं पुरतं शोषलं जात नाही. पॅन्टोप्राझोल वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी१२ आणि मॅग्नेशियम अधूनमधून बघावं, ते त्याच रक्तात उरकून घेतलं.

शेवटी थायरॉइडची गोळी मोकळी करायची वेळ आली. इथे डॉक्टरांनी आधी डोस १०० वरून पुन्हा ७५ केला, आणि ते पटायला आम्हाला जरा वेळ लागला. टीएसएच वाढलेला असताना डोस कमी? पण १०० हा डोस कॅल्शियम आणि लोहाने खाल्लेला वाटा धरून वाढवलेला होता. अडथळा काढून १००च ठेवले असते तर ते जास्त झाले असते, आणि ठोके आधीच अनियमित असलेल्या माणसाला जास्त थायरॉक्सिन परवडत नाही. यानंतर सहा आठवडे टीएसएच करायचाच नाही, असं बजावलं. थायरॉक्सिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे नवी पातळी बसायला पाच-सहा आठवडे जातात आणि टीएसएच त्याच्याही मागून येतो. मध्येच केलेली तपासणी फक्त घाबरवते. आयएनआर मात्र दर आठवड्याला.

हे सहा आठवडे सगळ्यात कंटाळवाणे. आकडे हळूहळू सरकत होते: २.६, २.७, २.९, मग ३.२. सांगितलं होतं तसंच घडत होतं, तरी ३च्या वरचा आकडा दिसला की पोटात गोळा यायचाच. वॉर्फरिनचा आठवड्याचा एकूण डोस थोडा उतरवला गेला आणि आकडा जागेवर आला. वॉर्फरिन संध्याकाळी घ्यायला सांगतात त्याचा फायदा इथे कळला. सकाळी रक्त दिलं, दुपारी आकडा आला आणि डोस बदलायचा असला तर त्याच संध्याकाळपासून बदलता येतो.

याच काळात लघवीला जळजळ सुरू झाली. सुट्टीचा दिवस असल्यामुळे दुसऱ्या एका दवाखान्यात जावं लागलं आणि तिथे सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून मिळालं. यादी फार्मासिस्टपुढे ठेवली. त्यांनी वॉर्फरिनवर बोट ठेवलं आणि त्या डॉक्टरांना फोन लावला. सिप्रोफ्लॉक्सासिन वॉर्फरिनचा परिणाम वाढवतं. शिवाय कॅल्शियम घेण्याच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर ते घ्यावं लागतं, नाहीतर पोटातच बांधलं जातं आणि संसर्ग तसाच राहतो. आयएनआरवर कमी परिणाम करणारं दुसरं प्रतिजैविक बदलून मिळालं आणि तरीही चौथ्या दिवशी आयएनआर करायला सांगितलं. वॉर्फरिन चालू असताना कुठलंही प्रतिजैविक सुरू झालं तर मधे एक जादा आयएनआर धरूनच चालावं.

पिशवीच्या तळाशी न उघडलेली एक बाटली निघाली होती, ‘मन प्रसन्न राहण्यासाठी’ म्हणून कुणीतरी भेट दिलेली. आत सेंट जॉन्स वर्ट. ती उघडली गेली नाही हे नशीबच. यकृतातली विकरं वाढवणाऱ्या वनस्पतींमध्ये हिचा नंबर फार वरचा आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हिच्यामुळे एचआयव्हीवरच्या इंडिनाव्हिरचं रक्तातलं एकूण प्रमाण सरासरी ५७ टक्क्यांनी घटलं. त्याच वर्षी हृदयप्रत्यारोपण झालेल्या दोन रुग्णांमध्ये प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या सायक्लोस्पोरिनची पातळी पडून शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केल्याचं नोंदवलं गेलं. वॉर्फरिन, डिगॉक्सिन, गर्भनिरोधक गोळ्या, सगळ्यांचा जोर ही वनस्पती कमी करते. आणि नैराश्यावरच्या एसएसआरआय गोळ्यांबरोबर घेतली तर सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. ही कुणी घेत असेल आणि इतर औषधांचे डोस तिच्यासकट बसलेले असतील, तर एकदम बंद करणंही जोखमीचं. वाढलेली विकरं उतरायला सुमारे दोन आठवडे लागतात आणि तेवढ्या काळात वॉर्फरिनचा परिणाम चढत जातो. म्हणून हिच्याबाबत आधी डॉक्टर, मग बाटली बाजूला.

सहा आठवड्यांनी टीएसएच २.८ आला. ७५ मायक्रोग्रॅमवरच, म्हणजे जुनाच डोस पुरत होता.

आता दिवस असा लागलाय. सकाळी सहाला लेव्होथायरॉक्सिन, नुसत्या साध्या पाण्याबरोबर. सव्वासहालाच कॉफी हा तिचा हट्ट होता, तो मोडायला सगळ्यात जास्त दिवस लागले. कॉफीनेही गोळीचं शोषण कमी होतं, त्यामुळे मध्ये किमान अर्धा तास, शक्यतो तास. साडेसहाला पॅन्टोप्राझोल आणि सातनंतर नाश्ता. नाश्त्याबरोबर टेल्मिसार्टन. दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियम सायट्रेट आणि मल्टीव्हिटामिन, कारण मल्टीव्हिटामिनमध्येही थोडं लोह आणि जस्त असतं आणि त्यालाही चार तासांचा नियम लागतो. संध्याकाळी सातला वॉर्फरिन. रात्रीच्या जेवणाबरोबर माशाचं तेल, नंतर ॲटोर्व्हास्टॅटिन. ईसबगोल सगळ्यात शेवटी, आधीच्या गोळीनंतर दोन तासांनी आणि पेलाभर पाण्यात. पाणी कमी पडलं तर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं. ज्यांना सकाळची ही कसरत जमत नाही त्यांना डॉक्टर लेव्होथायरॉक्सिन रात्री, जेवणानंतर तीन तासांनी घ्यायला सांगू शकतात. आत्याच्या बाबतीत ते जमलं नसतं, रात्री ईसबगोल आहे.

खर्च झाला तो मुख्यतः रक्ताच्या तपासण्यांचा, आणि त्यातही आयएनआरचा. फेरिटिन, बी१२, मॅग्नेशियम, पोटॅशियम हे आयएनआरच्या एखाद्या फेरीला जोडून घेतलं की वेगळी सुई आणि वेगळी फेरी वाचते. प्रयोगशाळा शक्यतो एकच ठेवावी, यंत्रं बदलली की आकड्यांची तुलना नीट होत नाही. रक्त देतानाच्या कागदावर चालू सप्लिमेंट लिहायला जागा नसते, समासात लिहून द्यावं.

यादीची एक प्रत पाकिटात, एक औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली, आणि फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये. काहीही बदललं की तारीख घालून नवी प्रत, जुनी फाडून टाकायची. दोन याद्या घरात राहिल्या तर चुकीचीच हाताला लागते. पुढच्या महिन्यात दाढ काढायची आहे. दंतवैद्यांना यादी आधीच पाठवली. वॉर्फरिन चालू ठेवायचं की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आपल्या मनाने थांबवायचं नाही. मोठी शस्त्रक्रिया ठरली असती तर वनस्पतींची उत्पादनं साधारण दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात, तेही भूलतज्ज्ञांना नावानिशी सांगून. माशाचं तेल दाढेच्या आधी थांबवायचं का, हे विचारलंय. आयएनआर आदल्या दिवशी आहे.